तळाचा वास

शर्टाचे खिसे चाचपून मगच तो मशीनमध्ये टाकायचा, ही तिची रोजची सवय. नवऱ्याच्या खिशात कधी स्क्रू, कधी वॉशर, कधी रबरी नळीचा तुकडा राहिलेला असायचा आणि मग मशीन आतल्या आत खडखडत बसायचं. एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाचा खिसा म्हणजे भंगाराचं दुकानच. त्या सकाळी मात्र खिशात काहीच नव्हतं. शर्ट आत टाकायचा, झाकण लावायचं, संपलं. पण तिचा हात कॉलरपाशी थांबला. शर्ट तिने नाकाशी नेलाही नाही. वास आपणहून वर आला. घाम होता, धूळ होती, तांब्याच्या नळ्या तापवल्याचा करपट वास होता, हे सगळं ओळखीचं, लग्नापासूनचं. त्याच्या खाली आणखी एक होता. गोडसर, कोरडा. लिंबाची साल उन्हात वाळत ठेवून विसरलं तर येईल तसा, आणि त्याला कुठूनतरी खोबऱ्याचा स्निग्धपणा. कॉलरला होता, डाव्या खांद्यावर होता, उजव्या खांद्यावर अजिबात नव्हता. म्हणजे डोकं टेकणारी बाई डाव्या बाजूला बसते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण ती ओरडली नाही. नवरा आत नळ सोडून दाढी करत होता आणि गुणगुणत होता. गुणगुणत! एरवी सकाळचा चहा पोटात गेल्याशिवाय ज्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही, तो माणूस. शर्ट हातात धरून तिने नीट विचार केला. विचारलं तर काय होणार? तो म्हणणार, गिऱ्हाइकाच्या घरात काहीतरी मारलेलं असतं. म्हणणार, लिफ्टमध्ये कोणी असेल. मग म्हणणार, तुझं डोकं फिरलंय, आणि शेवटी रडायची पाळी तिच्यावरच. वास पंचनाम्यात लिहून घेता येत नाही, चार माणसांपुढे मांडता येत नाही. एका धुण्यात उडून जातो आणि मागे उरते ती संशयी बायको. ‘सीझन आहे गं,’ असं तो हल्ली रोज म्हणायचा. उन्हाळा म्हणजे एसीवाल्यांचा सीझन, उशीर व्हायचाच. घरचा एसी बंद पडून किती उन्हाळे झाले, त्याचं आपलं ‘बघतो’ चाललंय. तिथला चालू असणार. तिथला गारेगार चालत असणार. तिने शर्ट मशीनमध्ये टाकला, वर साबण ओतला, झाकण दाबलं आणि मनाशी म्हणाली, थांब तू. तुला अशी सोडत नाही. तुला म्हणजे त्याला, की त्या बाईला, की त्या वासाला, हे तिचं तिलाही तेव्हा ठरवता आलं नव्हतं.

गुरुवारी दुपारनंतर दवाखाना बंद असतो. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. डॉक्टरीणबाई तोंडात काम करत असताना लाळ ओढायची नळी धरायची, हत्यारं उकळायची, घाबरलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचा. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडांवर वाकून वाकून तिचं नाक इतकं तिखट झालं होतं की कुठल्या दाढेत पू आहे हे तिला फोटोआधी कळायचं. धाकटी बहीण चेष्टेनं म्हणायची, “ताई, तू चुकून दवाखान्यात गेलीस, तुला पोलिसांनी पट्टा बांधून नेलं असतं.” तर ते नाक घेऊन ती गुरुवारी त्या मोठ्या दुकानात शिरली. काय करायचं ते ठरलं नव्हतं. आधी ओळखायचं, एवढंच. शत्रू कोण ते तरी कळायला नको?

अत्तरं दारापाशीच होती. काउंटरवरच्या मुलीची लिपस्टिक टवटवीत होती आणि पाय दुखत असावेत, कारण ती एक चप्पल काढून उभी होती. “स्वतःसाठी बघताय मॅडम, की गिफ्ट?”

“गिफ्ट,” ती म्हणाली. आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

“कुठल्या रेंजमध्ये दाखवू?”

“स्वस्तातलं दाखवा. फळाचं, लिंबाबिंबाचं. जो माणूस हे विकत घेतो ना, तो महागातलं घेणाऱ्यातला नाही.”

मुलगी हसली. तिला वाटलं विनोद केला. “उन्हाळ्यात हेच बेस्ट मॅडम. गोड, जड काही लावलं की डोकं उठतं. सिट्रस घ्या. हे लिंबू-पुदिना. हे मोसंबी-आंबा. हे अननस, जरा गोड आहे पण कॉलेजच्या मुली फार नेतात. आणि हे लिंबू-नारळ, समुद्रावर बसल्यासारखं वाटतं.” तिने कागदाच्या पट्ट्यांवर एकेक फवारा मारला आणि पट्ट्या हातात दिल्या. हिने एकेक पट्टी नाकाखालून नेली. सगळ्यांचं तोंड सारखंच: तिखट, टोचणारं, आत्ता सुरी फिरवली असं. शर्टावरचं यातलं काही नव्हतं. शर्टावरचं निवलेलं होतं, मुरलेलं होतं, घरचं झालेलं होतं. घरचं! तिला स्वतःच्याच शब्दाचा राग आला. “नाही हो,” ती म्हणाली, “मला पाहिजे ते असं ओरडत नाही.”

“अहो, कागदावर काय कळणार? आणि लिंबाचं तर असंच असतं, आधी सगळा धुरळा, मग ते उडून जातं. खाली जे राहतं ना, तळाचं, ते खरं. अंगावर मारते, बाहेर फिरून या, दुकानातल्या गारव्यात नाही कळायचं. घाम आला की बोलायला लागतं ते.” मुलीने तिचे हात आपल्याकडे ओढून घेतले. डाव्या मनगटावर पुदिना, उजव्यावर मोसंबी, डाव्या कोपरात अननस. उजव्या कोपरात चौथी बाटली, बुटकी, हिरवट. तो फवारा उडाला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पांढऱ्या पडद्यांची एक खोली, जमिनीवर अंथरलेली गादी, आणि कोणीतरी तिचा हात धरून कोपरात नाक घालतंय आणि ती खिदळतेय. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. मग ते गेलंही. “डोळ्यात उडालं का?” मुलीने विचारलं. “नाही, तिखट आहे जरा,” असं म्हणून ती बाहेर पडली. उन्हाळ्यात सगळेच वास ओळखीचे वाटतात, असं तिने स्वतःला समजावलं.

बाहेर ऊन नुसतं मी म्हणत होतं. दुकानांच्या छज्ज्यांखालून, सावली धरून धरून ती चालत राहिली, दोन्ही हात अंगापासून जरा लांब ठेवून, म्हणजे वास एकमेकांत मिसळू नयेत. लोक बघत होते. बघेनात का. चपलांचं दुकान, चष्म्याचं दुकान, एका दारात कुत्रं जीभ काढून आडवं. तिला त्या बाईचा चेहरा दिसेना. केस दिसायचे, कोपर दिसायचं, मान दिसायची. चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. तरुण असेल का? असेल. गिऱ्हाईक असेल, ‘भाऊ, जरा हवा कमी येतेय हो’ असं फोनवर म्हणाली असेल आणि हा हत्यारांची पेटी घेऊन गेला असेल, स्टुलावर चढला असेल, खालून तिने स्टूल धरलं असेल. घरी बल्ब बदलायचा तर ह्याची कंबर दुखते. तिथे चढला असेल तुरुतुरु. ती मधेच थांबली आणि एका बंद शटरला टेकून उभी राहिली. असं वाटलं की आत्ता जावं, कुठे ते माहीत नाही, पण जावं आणि कोणाच्या तरी झिंज्या धराव्यात. मग वाटलं, झिंज्या धरून काय मिळतं? ती बाई रडेल, हा तिची समजूत काढेल. मार असा हवा की लागला तर दिसू नये आणि बरा होऊ नये.

बसथांब्यावर सावली होती. ती बसली आणि तिने पहिलं मनगट नाकाशी नेलं. पुदिना केव्हाच मेला होता, साबणाचा वास राहिला होता फक्त. दुसऱ्या मनगटावर चोखायच्या गोळ्या. पूर्वी तिला असं काही अंगाला लावता यायचं. मग नवऱ्याची नोकरी गेली. स्वतःचं काम सुरू होईपर्यंत तो घरी छताकडे बघत पडून असायचा, आणि तिने दवाखाना धरला. पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “हे बघ, अत्तर, स्प्रे, गजरा, काही नाही. पेशंटचं नाक तुझ्या गळ्यापासून वीतभर लांब असतं. आधीच बिचाऱ्यांना मळमळत असतं.” लग्नानंतर त्यानेच आणून दिलेली अत्तराची बाटली कपाटात राहिली, तळाशी थोडंसं उरलेलं, नंतर घर बदलताना कुठे गेली कोण जाणे. आणि तिच्या अंगाला लवंगेचा आणि स्पिरिटचा वास यायला लागला, आंघोळ करून न जाणारा. एका दुपारी तो तिच्या जवळ सरकला, मानेशी आला आणि मागे झाला. “दवाखान्यात झोपल्यासारखं वाटतं गं,” म्हणाला. हसून म्हणाला. हसून! ज्या दवाखान्याच्या जिवावर त्या घरात चूल पेटत होती, त्या दवाखान्याला नाक मुरडून तो कूस बदलून झोपला. तेव्हा तिने ते हसण्यावारी नेलं होतं. आज बसथांब्यावर बसून तिने ते परत काढलं, पुसलं, आणि नीट समोर ठेवलं. याचाही हिशेब व्हायचाय म्हणाली.

तिसरा, अननसाचा, नुसता पाक झाला होता. बस आली, दार उघडून उभी राहिली, ही उठत नाही बघून ड्रायव्हरने मान हलवली आणि निघून गेला. मग तिने उजवं कोपर दुमडलं आणि त्या खोबणीत नाक घातलं. आणि तिथे तिच्या नवऱ्याचा शर्ट होता. वाळलेली साल, खोबऱ्याचा स्निग्धपणा, गोडसर, कोरडा, निवलेला. शंकाच नको. तिने नाक बाजूला घेतलं, रस्त्यावरचा धूर छातीभर घेतला, परत वास घेतला. तोच. म्हणजे चौथी बाटली. म्हणजे जिच्या पहिल्या फवाऱ्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पांढरे पडदे आले, गादी आली, तीच. वरचं टोक तिच्याकडे होतं आणि खालचं टोक त्याच्याकडे. त्या उन्हाळ्यात ती आरशापुढे उभी राहून फवारा मारायची, ती तिखट झिणझिणी नाकात जायची, आणि मग दिवसभराच्या गडबडीत ती विसरून जायची. त्या वासाचं पुढे काय होतं, संध्याकाळी तो काय होऊन बसतो, हे तिला कधी कळलंच नव्हतं. ते त्याला कळायचं. तिच्या मानेपाशी, तिच्या कोपरात. तो तिचा वास होता! शर्टावर दुसरी कोणी नव्हतीच, तीच होती. लवंग आणि स्पिरिटच्या आधीची ती.

अगं बाई, म्हणाली ती, मोठ्याने. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने वळून बघितलं. नवी बाई धरली आणि बाटली तीच दिली! एवढीसुद्धा अक्कल नाही, एवढंसुद्धा डोकं चालवायचे कष्ट नकोत. जसं एका एसीचा भाग काढून दुसऱ्याला बसवतो, तसं. आणि मग, तिच्या मनाविरुद्ध, एक मऊ विचार आत शिरला: कदाचित त्याला तीच हवी असेल. पहिली. कदाचित तो तिथे जाऊन डोळे मिटून हिलाच हुंगत असेल. क्षणभर तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच मग तिला इतकी शिसारी आली की ती ताडकन उठून उभी राहिली. हवी होती तर घरी होती ना! आंघोळ करून, थकून, लवंगेच्या वासासकट घरी होती. तिला बाटलीत भरून परक्या बाईच्या मानेला लावायची काय गरज पडली? नाही. मऊ काही नको आता. चोरी ती चोरीच, आणि ही तर घरातली वस्तू उचलून नेलेली.

परत दुकानाकडे चालताना तिला संत्री आठवली, आणि तिची पावलं आपोआप झपाझप पडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी मागे एकदा हौसेने एक नवीन औषध आणलं होतं. लहान मुलांना सुई टोचण्याआधी हिरडी बधिर करायला लावायचा तो मलम, पण संत्र्याच्या स्वादाचा. “पोरं खुशीने तोंड उघडतील बघ,” म्हणाल्या होत्या. उघडलं की. पहिल्या वेळी उघडलं. मलमानंतर सुई आली, सुईनंतर ड्रिल आलं, आणि पुढच्या वेळी मलमाच्या डबीचं झाकण फिरवल्याबरोबर खुर्चीतल्या पोरांनी किंकाळ्या फोडल्या. एक आई तर भांडायलाच आली. “काय केलंत हो तुम्ही? आमची पोरगी संत्रं दिसलं की तोंड दाबून पळत सुटते. घरात फळ आणायची सोय राहिली नाही!” डॉक्टरीणबाई बिचाऱ्या कपाळाला हात लावून बसल्या. त्यांचं चुकलं होतं एवढंच, की संत्र्याने सुई गोड होईल असं त्यांना वाटलं. झालं असं की सुईने संत्रं कडू केलं. वास जिथे भेटतो तिथलाच होऊन राहतो. हे ती गेली कित्येक वर्षं रोज बघत होती, फक्त ते वापरावं असं तिला कधी सुचलं नव्हतं.

“सापडलं का?” मुलीने विचारलं.

“हे,” तिने उजवं कोपर पुढे केलं. “याची पूर्वी लांब बाटली यायची का हो? वर पोपट असलेली?”

“हो हो, तेच ते! पॅकिंग बदललं फक्त. जुनी गिऱ्हाइकं अजून पोपटवाली मागतात. एक देऊ?”

“किती आहेत?”

मुलीने खाली वाकून खण बघितला. “आहेत सात-आठ. का?”

“सगळ्या द्या.”

“सगळ्या? एवढं आवडलं तुम्हाला!”

“मला नाही आवडायचंय,” ती म्हणाली, “कोणालातरी नावडायचंय.” मुलगी पुन्हा हसली. हिचा प्रत्येक शब्द तिला विनोद वाटत होता, आणि पिशवी भरून देताना तिने एक पट्टी फुकट घातली.

पहिली बाटली संडासात गेली. आधी तिने फरशी घासली, मग भांड्याच्या कडेने, नळाच्या मागे, जिथे कितीही धुतलं तरी तो आंबट कुबट वास राहतोच, तिथे फवारे मारले. धुवून टाकण्यासाठी नव्हे. दोन्ही वास एकमेकांत मुरावेत म्हणून. ब्रशच्या डब्यात मारलं. मोरीच्या जाळीवर मारलं. चपलांच्या कपाटात, त्याच्या कामाच्या बुटांत, ज्यातून मोजे काढले की मांजर खोली सोडून जाईल, त्यांत तर दोन-दोन. कचऱ्याच्या डब्यात, शिळं खरकटं टाकून वरून. गॅलरीत जिथे ओलं पोतेरं वाळत असतं, त्या पोतेऱ्यावर. लसणाची सालं, कुजका बटाटा, तुंबलेला पाइप, सगळ्यांना तिने जावईबापूंसारखं अत्तर लावलं. बेडरूमला आणि स्वतःला मात्र हात लावला नाही. हे करताना तिला असं हुशार वाटत होतं, असं हलकं वाटत होतं, की आपण गुणगुणतोय हे तिच्या बऱ्याच वेळाने ध्यानात आलं.

“हा कसला वास गं?” पहिल्या दिवशी बाथरूममधून बाहेर येत तो म्हणाला.

“फरशीचं नवीन आणलंय. स्वस्तात मिळालं. का हो?”

“नाही, असंच.” टॉवेल खांद्यावर, तो उभाच होता. “ओळखीचा वाटतो.”

“असेल. उन्हाळ्यात सगळीकडे हेच मारतात.” तिने त्याच्याकडे सरळ बघितलं, आणि त्यानेच नजर काढली. इथे तर सगळी मजा होती. ओळखीचा कसा, हे त्याला सांगता येणार नव्हतं. ‘हे मारू नको’ म्हणायचं तर का मारू नको ते सांगावं लागणार. बोलला तर अडकला, न बोलला तर रोज सकाळी तो वास डोक्यावर घेऊन उकिडवं बसायचं. आणि दैव तरी कसं बायकांच्या बाजूने कधीतरी उभं राहतं बघा! त्याच आठवड्यात बाहेरचं काहीतरी खाऊन त्याचं पोट असं बिघडलं की तो दिवसभर आत-बाहेर, आत-बाहेर. रंग उतरला, डोळे खोल गेले. तिने सेवा केली, कोणी नावं ठेवावीत अशी जागाच ठेवली नाही. पाणी दिलं, साखर-मीठ दिलं, कपाळ पुसलं, ओकारीसाठी बादली आणून ठेवली. आणि दर खेपेला आत जाऊन सगळं स्वच्छ केलं आणि बाटली रिकामी होईपर्यंत फवारे मारले. “किती करतेस गं माझं,” तो क्षीण आवाजात म्हणाला. “करायलाच पाहिजे,” ती म्हणाली. बादली पुन्हा त्याच्या तोंडाशी धरली, तेव्हा बादलीच्या कडेलाही थोडं मारलेलं होतं.

शर्ट ती रोज बघत होती. तो बरा होऊन कामावर गेला तेव्हा कॉलरला वास होता, पण शर्टाची डावी बाजू कशी चुरगळल्यासारखी, त्यानेच झटकन अंग काढून घेतल्यासारखी. मग एकदा कॉलर ओली आली. पाण्याने चोळलेली. मग तो लवकर घरी यायला लागला. सीझन ऐन भरात आणि हा उजेडी घरी, पलंगावर बसून पंख्याकडे बघतोय. तिला सगळं दिसत होतं, चेहरा नसलेल्या बाईसकट. ‘आज ते नको लावूस,’ हा म्हणाला असेल. ‘का? तुम्हीच तर आणून दिलंत!’ ‘वास येतो.’ ‘वास येतो? कसला वास येतो?’ आता काय सांगेल बिचारा! भाजी चिरता चिरता तिला इतकं हसू फुटलं की सुरी खाली ठेवावी लागली. त्या बाईची दया आली का? आली, थोडी. आरशापुढे उभी राहून मान घासत असेल ती आणि तिला काही कळत नसेल. तीही आता कोणाचं तरी कूस बदलणं बघत बसली असेल. पण ती दया तिने भाजीबरोबर फोडणीला टाकली. डोकं टेकताना शर्ट कोणी धुतलाय याचा विचार केला होता का?

तरी एवढ्यावर तिचं समाधान होईना. तो तिथून उठला होता, पण इथे बसला कुठे होता? इथे तो नुसता थांबला होता. आणि मुख्य म्हणजे त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं हे आपलं नशीब, आपलं पोट, फरशीचं औषध. सूड घेतला आणि ज्याच्यावर घेतला त्याला कळलंच नाही, तर तो सूड कसला? ती नुसती साफसफाई झाली. शेवटची बाटली तिने कपाटात साड्यांखाली ठेवली होती. रविवारी दुपारी जेवून तो पलंगावर लवंडला, पंखा त्याच्या डोक्यावर गरम हवा ढवळत होता. ती आंघोळीला गेली. लवंग जाईपर्यंत अंग घासलं. मग आरशापुढे उभी राहिली आणि बाटली काढली. मानेला, दोन्ही कोपरांत, कानामागे. ती तिखट झिणझिणी उठली आणि पांढरे पडदे आले, गादी आली, खिदळणं आलं, आणि आपलं वय काय होतं तेव्हा, किती काळे होते केस, हे सगळं आलं. तिला रडू आलं. रडली ती; आवाज न करता, बेसिनला धरून, मन भरेपर्यंत. मग तोंड धुतलं आणि वरचा धुरळा उडून जायची वाट बघत बाथरूमच्या बंद दाराला टेकून उभी राहिली, कारण वरचा भाग तिचा होता आणि तो त्याला द्यायचा नव्हता. त्याच्यासाठी तळच बरा होता.

ती त्याच्या शेजारी येऊन आडवी झाली, डाव्या बाजूला. झोपेत त्याने सवयीने तोंड वळवलं, नाक तिच्या मानेशी आलं. एक श्वास. दुसरा. त्याच्या नाकपुड्या आक्रसल्या आणि तो तोंडावर हात दाबून ताडकन उठून बसला. “अगं... तू... ते बाथरूममधलं अंगाला लावलंस?”

“बाथरूममधलं?” ती उताणी पडल्या पडल्या म्हणाली. “अहो, असं काय करताय? हे तर तुम्ही मला आणून दिलेलं. पहिल्या उन्हाळ्यात. पोपटाची बाटली. दुकानात उभं राहून तुम्हीच निवडलंत, माझ्या हातावर मारून मारून. विसरलात?”

तिने मान वळवून त्याच्याकडे नीट बघितलं, कारण हे बघायचं होतं तिला, एवढ्यासाठी तर सगळं केलं होतं. आधी त्याला आठवलं. मग बाथरूम आठवलं, बादली आठवली, चपलांचं कपाट आठवलं. मग त्याला ती दुसरी बाटली आठवली, आणि मग हे सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं आणि त्याचा चेहरा उतरत उतरत असा झाला, जसा डॉक्टरीणबाईंनी सुई हातात घेतल्यावर खुर्चीतल्या माणसाचा होतो. “तुला...” तो म्हणाला. “तुला कधीपासून...”

“झोपा ना,” ती म्हणाली. “सीझन आहे. दमत असाल.”

तो उठला. उशी उचलली आणि बाहेरच्या खोलीत गेला. तिथे सोफ्याशेजारी चपलांचं कपाट होतं. थोड्या वेळाने गॅलरीचं दार वाजलं. गॅलरीत पोतेरं होतं आणि कचऱ्याचा डबा होता. स्वयंपाकघरात गेला, मोरीपाशी थबकला असावा, परत फिरला. त्याच्या पावलांचे आवाज घरभर फिरले आणि मग बाहेरचं दार उघडलं आणि लागलं. ती उठून खिडकीशी गेली. खाली फाटकाशी, भर उन्हात, घरातल्या चपला घालून तो उभा होता. डावीकडे रस्त्याच्या टोकाला बसथांबा होता. त्याने खिशातून फोन काढला, त्याकडे बघितलं, परत ठेवला. दोन पावलं डावीकडे गेला आणि थांबला. जाणार कुठे? तिथेही हाच वास होता, त्यानेच नेऊन ठेवलेला. समोरच्या घरातली एक बाई गॅलरीत येऊन त्याच्याकडे बघायला लागली, तेव्हा खिडकीतल्या हिच्याही लक्षात आलं: उशी ठेवायची राहून गेली होती, ती अजून त्याच्या काखेतच होती. तिने पडदा ओढला, पंखा पूर्ण सोडला आणि पलंगाच्या मधोमध आडवी झाली.